दोन्ही उमेदवार अमान्य असतील, तर अध्यक्षपदाचा रकाना कोरा सोडणे योग्य आहे का?

नौपाडावासी (ठाणे)

माझा भाचा गेली काही वर्षे अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहतो. नागरिकत्व मिळाल्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने तेथील अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. सिनेट, प्रतिनिधिगृह, राज्याचे विधिमंडळ, न्यायाधीश, शाळांचे मंडळ अशी लांबलचक मतपत्रिका त्याने नीट अभ्यास करून भरली आणि अध्यक्षपदाचा रकाना मात्र विचारपूर्वक कोरा सोडला. तो ठाण्याला आला असताना त्याने हे घरात सांगितले, तेव्हा माझ्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, ते अजिबात पटले नाही. दगडापेक्षा वीट मऊ एवढे तरी मतदाराने ओळखले पाहिजे, आणि ते ओळखण्याचे कष्ट टाळून कोणी स्वतःला स्वच्छ म्हणवून घेऊ नये, असे तिचे म्हणणे आहे.

भाच्याची कारणे उथळ नाहीत, म्हणून ती येथे मांडते. एका उमेदवाराने २०२० मधील पराभव मान्य केला नव्हता, आणि मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील ज्यूरीने त्यांना ३४ आरोपांमध्ये दोषी ठरवले होते. दुसऱ्या उमेदवार विद्यमान उपाध्यक्ष होत्या. गाझातील युद्धाबाबत आपल्या सरकारच्या धोरणापासून त्यांनी स्वतःला वेगळे केले नाही, आणि २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतल्यानंतर पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीला सामोरे न जाताच त्यांची उमेदवारी निश्चित झाली. भाचा म्हणतो, 'उडदामाजी काळेगोरे निवडत बसण्यापेक्षा मी दोघांनाही नाकारले. कमी वाईट उमेदवाराला मत देत राहिलो, तर आपण कोणालाही उभे केले तरी हे लोक मत देणारच, एवढाच बोध पक्षांना होईल.'

कोणता पक्ष चांगला, हे मला विचारायचे नाही. त्या वादावर येथे पुष्कळ धागे आहेत आणि त्यांतून कोणाचेही मत बदललेले मी पाहिलेले नाही. माझा प्रश्न पद्धतीचा आहे. दोन्ही उमेदवारांमध्ये गंभीर दोष आहेत हे मान्य केल्यानंतर त्या दोषांची तुलना कशी करावी? खासगी वर्तन, खोटे बोलणे, एखाद्या युद्धाला दिलेला पाठिंबा, भ्रष्टाचार, अननुभव हे सगळे एकाच तराजूत घालता येते का? आणि तुलना करूनही मन तयार झाले नाही, तर रकाना कोरा सोडणे ही जबाबदारी टाळणे आहे की जबाबदारी पार पाडण्याचाच तो एक प्रकार आहे? महापालिकेच्या निवडणुकीत आपल्या बहुसदस्यीय प्रभागांत एकाच वेळी अनेक जागांसाठी बटण दाबताना हाच प्रश्न मलाही पडतो, पण तेथे एका चुकीच्या नगरसेवकाने होणारे नुकसान मर्यादित असते. अमेरिकेच्या अध्यक्षाचे तसे नाही, म्हणून त्याच उदाहरणावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

नागरिकशास्त्र वाशी

आपण प्रश्न पद्धतीचा ठेवलात, हे फार चांगले केलेत. मी अनेक वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले आहे आणि मतदान म्हणजे चारित्र्याचा दाखला देणे नव्हे, हे मुलांना समजावणे सर्वांत कठीण जाते असा माझा अनुभव आहे. आपण मत देतो ते एखाद्या पदावर कोणाला बसवायचे, याविषयी. म्हणून दोषांची बेरीज करून ज्याची बेरीज कमी येते त्याला निवडणे, ही पद्धत मला चुकीची वाटते. प्रत्येक दोषाला एकच प्रश्न विचारावा: हा दोष या पदाच्या अधिकारांना जोडला गेला, तर काय नुकसान होईल, ते कोण थांबवू शकेल, आणि ते पुढे भरून काढता येईल का?

या विचाराचे सर्वांत जुने उदाहरण त्याच देशाच्या इतिहासात आहे. १८०० च्या निवडणुकीत थॉमस जेफरसन आणि एरन बर यांना निर्वाचक मंडळाची, म्हणजे राज्यांच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची, प्रत्येकी ७३ मते मिळाली आणि निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे निर्णय ज्यांच्या हातात होता, त्या फेडरलिस्ट पक्षाला दोघेही नको होते. त्या पक्षाचे अलेक्झांडर हॅमिल्टन हे जेफरसन यांचे कडवे राजकीय विरोधक होते. तरीही त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहून जेफरसन यांनाच निवडण्याचा आग्रह धरला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता की जेफरसन यांची मते चुकीची असली तरी त्यांना काही मते आहेत, तर बर यांना स्वतःच्या महत्त्वाकांक्षेखेरीज कशाचेही बंधन नाही. चुकीच्या धोरणाशी पुढे झगडता येते. ज्याला कोणतीच मर्यादा मान्य नाही, त्याच्या हाती अधिकार गेल्यावर कशाशी झगडायचे हेच कळत नाही. हॅमिल्टन यांनी दोघांच्या दोषांची यादी केली नाही, तर दोषांची जात ओळखली.

दुसरे उदाहरण अध्यक्षपदाचे नाही, पण फार बोलके आहे. १९९१ मध्ये लुइझियाना राज्याच्या गव्हर्नरपदासाठी अंतिम लढत एडविन एडवर्ड्स आणि डेव्हिड ड्यूक यांच्यात झाली. एडवर्ड्स यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप वर्षानुवर्षे होत आले होते, आणि ड्यूक हे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे माजी प्रमुख होते. 'लबाडाला मत द्या, हे महत्त्वाचे आहे' अशा आशयाच्या पट्ट्या लोकांनी आपल्या गाड्यांवर चिकटवल्या आणि एडवर्ड्स सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. मतदारांनी स्वतःची फसवणूक करून घेतली नव्हती. पुढे २००० मध्ये संघराज्याच्या न्यायालयात एडवर्ड्स भ्रष्टाचारासाठी दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. पैसे खाणाऱ्या माणसाला पकडण्याची व्यवस्था अस्तित्वात होती आणि उशिरा का होईना, ती चालली. एका समाजाच्या लोकांचे नागरिक म्हणून असलेले स्थानच नाकारणारा माणूस सत्तेवर आला असता, तर होणारे नुकसान अशा एखाद्या खटल्याने भरून निघाले नसते.

आता अध्यक्षपदाकडे या नजरेने पाहावे. अध्यक्षाचे कार्यकारी आदेश पुढचा अध्यक्ष पहिल्याच दिवशी रद्द करू शकतो. त्याने नकाराधिकार वापरला, तर काँग्रेसची, म्हणजे तेथील संसदेची, दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने तो ओलांडू शकतात. बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे तो दोनदाच निवडून येऊ शकतो. परंतु त्याने नेमलेले संघीय न्यायाधीश तहहयात राहतात: रेगन यांनी नेमलेले न्यायमूर्ती अँथनी केनेडी १९८८ पासून २०१८ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात होते, म्हणजे रेगन यांची कारकीर्द संपल्यानंतरही जवळजवळ तीन दशके. अण्वस्त्रे वापरण्याचा आदेश देण्याचा अधिकार एकट्या अध्यक्षाचा आहे. शिवाय अध्यक्ष एकटा येत नाही. त्याच्याबरोबर सुमारे चार हजार राजकीय नेमणुका येतात, आणि त्या जागांवर कशा प्रकारची माणसे येतील याचा अंदाज प्रचारकाळातही बऱ्यापैकी करता येतो. उमेदवाराचे खासगी आयुष्य मला महत्त्वाचे वाटते, पण या गोष्टींच्या नंतर. आणि पदावरून उतरण्याची वेळ आली, तर हा माणूस निमूटपणे उतरेल का, हा प्रश्न या सर्वांच्या आधी येतो, कारण बाकीच्या सगळ्या चुका दुरुस्त करण्याचे साधन म्हणजे पुढची निवडणूकच होय. हे निकष दोन्ही बाजूंना सारख्याच कठोरपणे लावावेत. ते लावून कोणता निष्कर्ष निघतो, हे मी येथे सांगणार नाही, कारण तसे केल्यास चर्चा आपल्या प्रश्नापासून लगेच दूर जाईल.

रकाना कोरा सोडण्याविषयी मात्र माझे मत ताईंच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मिशिगन हे आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर प्रत्येक राज्यात ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात. त्यामुळे ज्या राज्याचा निकाल आधीच ठरल्यासारखा आहे तेथील कोरा रकाना आणि मिशिगनमधील कोरा रकाना यांचे वजन सारखे नसते. २०१६ मध्ये मिशिगनमधील फरक होता १०,७०४ मतांचा, आणि त्या राज्यात अध्यक्षपदाचा रकाना कोरा ठेवलेल्या मतपत्रिका होत्या सुमारे ७५ हजार. २००० मध्ये फ्लोरिडाचा, आणि त्याबरोबर साऱ्या देशाचा, निकाल ५३७ मतांनी लागला. अशा ठिकाणी राहणाऱ्याने न निवडणे हेही एक निवडणेच ठरते.

कोपरी पूर्व

वरील प्रतिसादातील निकष मला मान्य आहेत, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि भाच्याची बाजू येथे कोणीतरी नीट मांडणे आवश्यक आहे.

मिशिगनमधील त्या ७५ हजार मतपत्रिका कोणत्या उमेदवाराच्या होत्या? कोणाच्याच नाहीत. त्यांतील किती जणांनी, सक्ती केली असती तर, कोणाला निवडले असते हे सांगता येत नाही. म्हणून त्या आकड्यापुढे १०,७०४ हा आकडा ठेवून कोऱ्या रकान्याने निकाल फिरवला असे सुचवणे बरोबर नाही. मत ही पक्षाची ठेव नव्हे, की ती न मिळाल्यास कोणी ती बुडवली असे म्हणता यावे.

शिवाय हॅमिल्टन यांच्या गोष्टीचा उत्तरार्ध सांगायचा राहिला आहे. प्रतिनिधिगृहात त्या वेळी प्रत्येक राज्याला एक मत होते आणि पस्तीस फेऱ्या होऊनही बहुमत होत नव्हते. छत्तिसाव्या फेरीत, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी, कोंडी फुटली ती डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांच्यामुळे. त्यांनी जेफरसन यांना मत दिले नाही. त्यांनी कोरी मतपत्रिका टाकली. मेरीलँड आणि व्हरमाँटमधील फेडरलिस्ट सदस्यांनीही मत देण्याचे टाळले, त्यामुळे ती दोन राज्ये जेफरसन यांच्याकडे गेली आणि ते अध्यक्ष झाले. म्हणजे ज्याला ज्या उमेदवाराचे समर्थन आपल्या नावावर लागू द्यायचे नव्हते, त्याने कोऱ्या मतानेच कमी वाईट पर्यायाला वाट करून दिली. कोरे मत आणि जबाबदारी एकत्र नांदू शकतात. अट एवढीच आहे की आपल्या कोऱ्या मताचा परिणाम काय होणार आहे हे टाकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे आणि तो परिणाम त्याला मान्य असला पाहिजे.

नकाराचा परिणाम होत नाही, हेही खरे नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना जवळजवळ १९ टक्के मते मिळाली आणि निर्वाचक मंडळातील एकही मत मिळाले नाही. तरीही त्यांनी उचलून धरलेला अर्थसंकल्पीय तुटीचा विषय दोन्ही मोठ्या पक्षांना पुढे टाळता आला नाही. त्यांच्या मतदारांनी आपली मते वाया घालवली, असे मला म्हणवत नाही.

तरीसुद्धा भाच्याला एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुका नकार कोणी वाचत नाही. इंदूर लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यानंतर 'नोटा'ला २,१८,६७४ मते पडली, देशभर त्याची बातमी झाली, आणि निवडून यायचे ते उमेदवार प्रचंड मताधिक्याने निवडून आले. नेवाडा राज्यात १९७५ पासून मतपत्रिकेवर 'यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे, आणि तेथेही त्याला सर्वाधिक मते मिळाली तरी त्याखालोखालचा उमेदवारच विजयी ठरतो. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्याच डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर 'कोणालाही बांधील नाही' या पर्यायावर खूण केली, ती संघटितपणे केली, कारण जाहीर करून केली, आणि त्यामुळे त्यांचे म्हणणे पक्षाच्या अधिवेशनापर्यंत पोहोचले. धोरण बदलले नाही, हे खरे आहे. परंतु आपला नकार कशाला आहे, हे निदान सगळ्यांना कळले. नोव्हेंबरमधील कोऱ्या रकान्याकडे पाहून मतदार रागावला होता, गोंधळला होता की खूण करायला विसरला, हे कोणालाच सांगता येत नाही.

एक सूचना करतो. ज्या गोष्टींवर आपण कोणत्याही परिस्थितीत तडजोड करणार नाही, त्यांची छोटी यादी उमेदवार ठरण्यापूर्वीच लिहून ठेवावी. उमेदवार ठरल्यानंतर केलेली यादी आपल्या नावडत्या माणसाच्या मापाने कापलेली असते. २०२८ चे उमेदवार अजून ठरायचे आहेत, म्हणून हे काम आताच प्रामाणिकपणे होऊ शकते. यादीतील एकाही मर्यादेचे उल्लंघन न करणारा एक जरी उमेदवार असेल, तर त्याला मत द्यावे, मग तो कितीही नावडता असो. दोघांनीही मर्यादा ओलांडली असेल, तर भाच्याने रकाना कोरा सोडावा, आणि त्यासाठी त्याला कोणी बोल लावू नये. त्याने बाकीची मतपत्रिका भरली होती, हेही ताईंना आवर्जून सांगा. त्या वर्षी मिशिगनच्या सिनेटच्या जागेचा निकाल सुमारे १९ हजार मतांनीच लागला, आणि अध्यक्षाला आवर घालायचा तर तो सिनेटमधूनही घालता येतो.

नेरूळची वाचक

दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले. परंतु दोघांनीही मतदाराच्या विवेकाविषयी लिहिले आहे. मतदाराला या कोंडीत टाकणाऱ्या मतमोजणीच्या पद्धतीविषयीही थोडे बोलले पाहिजे. ज्याला मनापासून निवडायचे आहे त्याला मत दिले की ज्याची भीती वाटते त्याला मदत होते, ही अवस्था निसर्गनिर्मित नाही.

आपल्याच राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत खासदार आणि आमदार पसंतीक्रमाने मत देतात, आणि १९६९ मध्ये त्या पसंतीक्रमाचा खरा उपयोग झाला. व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या चुरशीत तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मूल्याची मते गिरींना, ३,१३,५४८ रेड्डींना आणि १,१२,७६९ देशमुखांना मिळाली. विजयासाठी ४,१८,१६९ लागत होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. देशमुखांना पहिली पसंती देणाऱ्या सदस्यांना आपले मत वाया जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नव्हते. आपला खरा कौल त्यांनी पहिल्या क्रमांकावर नोंदवला, आणि उरलेल्या दोघांत कमी नापसंत कोण, हेही त्याच मतपत्रिकेवर सांगितले. त्यांच्यापैकी बहुतेकांचा कल रेड्डींकडे होता हे आकड्यांवरूनच दिसते. तो गिरींना रोखण्यास पुरला नाही, एवढेच.

फ्रान्समध्ये हेच काम दोन फेऱ्यांनी होते, पण तेथेही पहिल्या फेरीत गाफील राहून चालत नाही. २००२ मध्ये सोळा उमेदवार उभे होते. डाव्या बाजूची मते इतकी विभागली गेली की पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर थांबले आणि १६.८६ टक्के मते मिळवून अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. मग आयुष्यभर डाव्या पक्षांना मते देणाऱ्या लाखो लोकांनी जाक शिराक यांना मत दिले आणि ते ८२ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहारांचे आरोप तेव्हाही त्यांच्यावर होते, आणि २०११ मध्ये त्याच काळातील प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. लुइझियानाच्या उदाहरणाशी हे किती जुळते पाहा.

पद्धत बदलली म्हणजे सगळे प्रश्न सुटतात, असे मात्र मी म्हणणार नाही. श्रीलंकेत मतदाराला तीन पसंती देता येतात, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये प्रथमच त्या मोजण्याची वेळ आली, कारण अनुरा कुमारा दिसानायके यांना पहिल्या मोजणीत ४२.३१ टक्केच मते मिळाली होती. पहिले दोन उमेदवार सोडून बाद झालेल्यांपैकी एकट्या रनिल विक्रमसिंघे यांनाच सुमारे २३ लाख मते होती, तरी दुसऱ्या मोजणीत दिसानायके यांच्याकडे सुमारे १ लाख ५ हजार आणि सजित प्रेमदासा यांच्याकडे सुमारे १ लाख ६८ हजार एवढीच मते वळली. बहुतेकांनी पुढची पसंती लिहिलीच नव्हती किंवा ती या दोघांसाठी नव्हती. हक्क मतपत्रिकेवर छापलेला असूनही कमी वाईट कोण हे सांगण्याची सवय लोकांना नव्हती, असा त्याचा अर्थ मी लावते. म्हणून भाच्याच्या आईने जे सांगितले, ते अशा पद्धतीतही उपयोगी पडेल. अमेरिकेत मेन राज्याने २०२० पासून अध्यक्षपदासाठी पसंतीक्रम स्वीकारला आहे. मिशिगनने तो स्वीकारलेला नाही.

नौपाडावासी (ठाणे)

सर्वांची आभारी आहे. ताईला हा धागा वाचून दाखवला. कोपरी पूर्व यांची यादी आधी लिहून ठेवण्याची सूचना तिला पटली, आणि बाकीचे रकाने भरले होते याचे महत्त्व तिने मोकळेपणाने मान्य केले. तिचा एक प्रतिप्रश्न आहे, तो तिच्याच शब्दांत देते: 'कमी नुकसान कोण करील हे ओळखता येते, असे तुम्ही सगळे धरून चालला आहात. ओळखण्यातच गल्लत झाली तर?'

घोडबंदरचा वाचक

ताईंचा प्रश्न या धाग्यातील सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याला १९६४ च्या निवडणुकीइतके चपखल उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

त्या वर्षी लिंडन जॉन्सन यांच्या विरोधात बॅरी गोल्डवॉटर उभे होते. गोल्डवॉटर युद्धखोर आहेत, त्यांच्या हाती अण्वस्त्रे देणे धोक्याचे आहे, हा प्रचाराचा मुख्य सूर होता. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि पाठोपाठ अणुस्फोट दाखवणारी ती प्रसिद्ध जाहिरात याच निवडणुकीतील. अमेरिकी मुलांना आशियातील युद्धात लढायला पाठवणार नाही, असे जॉन्सन सांगत होते. ६१ टक्के मतदारांनी त्यांना कमी धोक्याचा पर्याय म्हणून निवडले. मार्च १९६५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि १९६८ पर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकी सैनिकांची संख्या पाच लाखांवर गेली.

म्हणजे ओळखण्यात चूक झाली असे म्हणायचे का? माझे उत्तर अर्धे होकारार्थी आहे. त्याच जॉन्सन यांनी १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा केला, वृद्धांसाठी मेडिकेअर आणली, आणि ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्थलांतराच्या त्या कायद्यावर सही केली, ज्यामुळे देशनिहाय जुने कोटे संपले आणि आपल्या ठाण्या-डोंबिवलीतून हजारो माणसे तिकडे जाऊन स्थायिक होऊ शकली. गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिले होते. निवड चुकली, असे मला म्हणता येत नाही; पण युद्धाबाबतची अपेक्षा मात्र पार चुकली.

महत्त्वाचे हे की त्या युद्धाची चाहूल निवडणुकीआधीच लागू शकत होती. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ले झाल्याच्या वृत्तानंतर काँग्रेसने अध्यक्षाला लष्करी कारवाईसाठी जवळजवळ मोकळीक देणारा ठराव मंजूर केला. प्रतिनिधिगृहात विरोधात एकही मत पडले नाही आणि सिनेटमध्ये दोनच पडली. नागरिकशास्त्र वाशी यांचा 'कोण थांबवू शकेल' हा प्रश्न त्या वेळी विचारला असता, तर थांबवणाऱ्यांनी आपला अधिकार तीन महिने आधीच सोडून दिला आहे हे दिसले असते. मतदार दोन माणसांच्या स्वभावांची तुलना करत राहिले, आणि पदाभोवतीचे कुंपण कोणी काढून टाकले आहे का, हे पाहायचे राहून गेले. म्हणून ताईंना मी असे सांगेन की माणसाविषयीचा आपला अंदाज चुकू शकतो हे धरूनच चालावे, आणि तो चुकल्यास सावरणाऱ्या संस्था, म्हणजे काँग्रेस, न्यायालये, राज्ये, वृत्तपत्रे, कोणत्या उमेदवाराच्या काळात शाबूत राहण्याची शक्यता अधिक आहे याला जास्त वजन द्यावे. उमेदवाराची भाषणे त्याचे सल्लागार लिहून देतात. संस्थांशी तो आजवर कसा वागला, हे मात्र नोंदलेले असते आणि तपासता येते.

कोपरी पूर्व

वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. भाच्यासाठी एक व्यावहारिक माहिती देतो. मिशिगनमध्ये मतदाराची नोंदणी पक्षनिहाय होत नाही. अध्यक्षीय उमेदवारांच्या प्राथमिक निवडणुकीत कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी, एवढेच त्याला सांगावे लागते, आणि तो कोणत्याही एका पक्षाची मागू शकतो. त्या मतपत्रिकेवर 'कोणालाही बांधील नाही' हा पर्यायही असतो. त्यामुळे दोन्ही पक्षांवर नाराज असलेल्या माणसालाही, उमेदवार ठरण्यापूर्वी, एका पक्षाच्या निर्णयात भाग घेता येतो. २०२८ च्या प्राथमिक निवडणुकीची तारीख जाहीर झाली की ती त्याने टिपून ठेवावी, आणि कोणत्या पक्षात वाईट उमेदवार टाळणे अधिक गरजेचे आहे हे ठरवून त्या पक्षाची मतपत्रिका मागावी. कोरा रकाना सोडायची वेळ आलीच, तर ती त्यानंतर येऊ द्यावी.